खंडेनवमीची गिटार

माझ्या गिटारीने पहिल्याच दिवशी रक्त काढलं. ते दादूचं होतं याचा मला पुढे कितीतरी दिवस अभिमान वाटत होता.

चूक धर्माची. खारदांड्याचा धर्मा कोळी हळदीच्या कार्यक्रमांत ढोलकी वाजवायचा आणि वायरींची खाटखूटही त्याला चांगली जमायची. वांद्र्याचा कोणी पोरगा दुबईला जाताना आपली इलेक्ट्रिक गिटार त्याच्या गळ्यात मारून गेला होता. धर्माने ती विकायला काढली आणि मलाही सांगितलं, रविवारी सकाळी ये, आणि माझ्याच ओळखीच्या मुलुंडच्या दादूलाही सांगितलं, रविवारी सकाळी ये. शहाऐंशी सालचा मे महिना. आम्ही दोघं एकाच वेळी त्याच्या दारात उभे, आणि मध्ये बाजेवर ती पडलेली.

लाल रंगाची. छातीपाशी घासून घासून रंग उडालेला, खालचं लाकूड दिसत होतं. कलकत्त्याची बनावट. सहा खुंट्यांपैकी एक दुसऱ्याच कुठल्या तरी गिटारीची होती, मान जराशी वाकलेली, तारांवर गंज. दुकानातली नवी गिटार मी काचेबाहेरूनच पाहत आलो होतो. ही मात्र माझ्या आवाक्यातली होती, आणि माझ्या आवाक्यातली वस्तू दुसरा कोणी उचलून नेणार म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

"चंद्रप्रकाश, तू सोड," दादू म्हणाला. "तुझा बाप वाजवू देणार आहे का तुला? त्या खोलीत टांगायला भिंत तरी आहे का?"

बाप काढल्यावर मी थांबलो नाही. पहिला ठोसा त्याच्या ओठावर बसला. मग आम्ही दोघं दारातून थेट वाळवणात गेलो. वर बांबूंवर बोंबील टांगलेले, खाली आम्ही वाळूत लोळतोय, तो माझे केस ओढतोय, मी त्याच्या पोटात गुडघा घालतोय. धर्माची आई कृष्णाबाई काठी घेऊन धावली.

"मेल्यांनो, मरा नायतर जगा, माझं बोंबील पारू नका!"

धर्मा ओट्यावर बसून विडी ओढत होता. "मना काय विचारू नका," तो म्हणाला. "जो उभा रेल, त्याची गिटार."

उभा मी राहिलो. माझा समोरचा अर्धा दात गेला तेवढाच. दादूने वाळूत रक्त थुंकलं, चप्पल शोधली आणि निघून गेला. मी धर्माच्या हातात पैसे ठेवले आणि गिटार गोणपाटात गुंडाळून नाहूरला आणली.

आमच्या घरी राग वाडवडिलार्जित होता. खाण तशी माती. आमचे वडील, गुणाजी, लालबागच्या एका गिरणीत बावीस वर्षं साचेवाले होते, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर. संपात गिरणी गेली ती गेलीच. घरी आला तो फक्त एक धोटा. धोटा म्हणजे मागावर या टोकापासून त्या टोकाला आडवं सूत घेऊन पळणारा लाकडी तुकडा, होडीसारखा, दोन्ही टोकांना पोलादी अणी. बाबांनी तो देवाच्या फळीखाली ठेवला होता. आता ते एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते, आणि गेटवर दिवसभर गिळलेला राग घरी येऊन ओकायचे. वड्याचं तेल वांग्यावर. वांगं बहुधा मी असायचो. मी शाळा सोडली त्या दिवशी तोच धोटा त्यांनी फेकून मारला होता. भुवईच्या वर अजून खूण आहे.

पुढे मी वाढलो. एकोणिसाव्या वर्षापासून ते मारायला आले की मी त्यांचं मनगट धरायचो आणि आम्ही दोघं नुसतेच एकमेकांकडे बघत उभे राहायचो, धापा टाकत. घरातली भांडी फुटली, खिडकीची काच फुटली, एकदा माझ्या हातून शेजाऱ्यांच्या दाराची फळी फुटली. पण बापावर हात उचलला नव्हता. तेवढी एक गोष्ट मी पाळली होती आणि मनातल्या मनात ती फार मोठी समजत होतो.

गिटार बघून बाबा दारातच थांबले.

"ह्या काय हाडलंस?"

"गिटार."

"माका दिसता. कित्याक?"

"वाजवायला. ऑर्केस्ट्रात जाणार मी. त्यावर पोट भरेन."

बाबा हसले नाहीत, ओरडलेही नाहीत, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. त्यांनी गिटारीच्या पाठीवर बोटाच्या पेरांनी ठोकून बघितलं, लाकूड किती जाड आहे ते अजमावत असल्यासारखं.

"दसऱ्यापर्यंत बघतंय," ते म्हणाले. "तवसर ह्या लाकडान चार पैशे घराक हाडले तर ऱ्हवांदे. नाय तर दसऱ्याच्या दिसा ह्येचा सरपण."

आमच्या बापाने दिलेला शब्द कधी मोडला नव्हता, मारायचा तर नाहीच. म्हणून त्या दिवसापासून मी झोपताना गिटार उशाशी घ्यायला लागलो.

इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर डास गुणगुणल्यासारखी वाजते. अँप्लिफायर घ्यायची ऐपत नव्हती. धर्माने युक्ती सांगितली. जुन्या रेडिओच्या पाठीला रेकॉर्ड प्लेयर जोडायची दोन भोकं असतात, त्यात वायर घालायची. घातली. आमचा म्हातारा रेडिओ आधी खोकला, मग असा काही गरजला की आई चुलीपाशी दचकली आणि तिच्या हातातलं पीठ सांडलं. तो आवाज ऐकून मला रडू आलं होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही.

पण रेडिओ एकच, आणि संध्याकाळच्या बातम्या बाबांच्या. ते आले की हिसका देऊन वायर उपटायचे, आवाजाचं बटण टोकाला नेऊन रेडिओला चिकटून बसायचे. मी वायर परत घालायचो. मग झोंबाझोंबी. एकदा त्यांनी माझा हात गिटारीच्या तारांवर असा दाबून धरला की तीन बोटं कापली. मी त्यांना भिंतीवर ढकललं. आई मध्ये पडली आणि तिचं कोपर सोललं.

"मारा एकमेकांक, मारा!" ती ओरडली. "दोघव मरा, मी एकटी सुखान जगान!"

दुसऱ्या दिवशी बोटांना चिंध्या बांधून मी परत वाजवायला बसलो. त्या गिटारीच्या तारा मानेपासून इतक्या वर होत्या की एकेक सूर दाबताना बोटातून कळ निघायची. चांगली गिटार असती तर मी इतका हट्टी झालो असतो की नाही, सांगता येत नाही. ही गिटार माझ्याशी भांडायची, आणि भांडणं हेच मला येत होतं.

गणपतीत आमच्या मंडळाच्या स्टेजवर मला दोन गाण्यांपुरतं उभं केलं. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच पलीकडच्या चाळीतल्या एकाने स्टेजखाली हात घालून माझी वायर ओढली. आवाज गेला आणि लोक हसले. मी गिटार गळ्यात ठेवूनच खाली उडी मारली आणि तिच्या मागच्या टोकाने त्याच्या खांद्यावर दणका दिला. तो कोलमडला. गिटारीची ती दुसऱ्याची खुंटी वाकली तेवढीच. मी परत वर चढलो, वायर लावली आणि गाणं पुरं केलं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या.

मुलुंडचा नंदकिशोर गर्दीत होता. त्याचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता. कार्यक्रम संपल्यावर त्याने मला बाजूला घेतलं.

"वाजवतोस बरा. मारतोस त्याहून बरा. आपल्या लाइनीत दोन्ही लागतं रे." मग जरा गंभीर झाला. "दसऱ्याला संध्याकाळी पाचला घाटकोपरला मोठा प्रोग्रॅम आहे. माझा गिटारवाला पळालाय. तिथे नीट वाजवलंस तर तू पक्का. नाही वाजलं तर परत तोंड दाखवू नकोस. आणि मारामारी केलीस तर मीच तुला मारेन."

इसार म्हणून त्याने हातावर एक नोट ठेवली. ती मी आईला दिली. आईने देवापुढे ठेवली. बाबा ड्यूटीवरून आले, हातपाय धुतले, नोट बघितली. आईने सांगितलं, झिलाची पहिली कमाई. बाबा गिटारीकडे बघत बसले. सरपण फोडायची संधी हुकली म्हणून म्हातारा घुश्शात आहे, असं मला वाटलं. मी मनातून खूश झालो.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मी दादरला गेलो होतो. सगळ्यात बारीक तार तुटायला आली होती, आणि दुसऱ्या दिवशी घाटकोपर. निघताना गिटार खिळ्याला टांगलेली होती. बाबांची सुट्टी होती. ते उकिडवे बसून धोटा पुसत होते. दर नवमीला पुसायचे, गिरणी बंद पडल्यावरही. साच्यांना त्या दिवशी आंघोळ घालायचे, तेलपाणी करायचे, झेंडू बांधायचे, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडायचे, आणि मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी हत्याराला हात लावायचा नाही, असं ते लहानपणापासून सांगत आलेले. मी ऐकलं होतं, लक्ष दिलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला तारेची पुडी खिशात घालून परत आलो. दार उघडं होतं. खिळा रिकामा होता.

गिटार पाटावर आडवी पडली होती आणि भिजलेली होती. तारांवर तेल चकाकत होतं. आवाज पकडणारा भाग हळदीकुंकवाने आणि झेंडूच्या पाकळ्यांनी बरबटला होता. कडेवरून पाणी ओघळून पाटाखाली थारोळं झालं होतं. तिच्या पायथ्याशी धोटा, त्यालाही कुंकू. आणि बाबा अर्धी वाटी हातात घेऊन नारळाचं उरलेलं पाणी तिच्यावर शिंपडत होते.

विजेची वस्तू! आत चुंबक, बारीक तारेची गुंडाळी, गंजायला एक थेंब पुरे. उद्या घाटकोपर. मला दिसलं ते एवढंच, की नोट देवापुढे पडली तरी याने सरपणाचा शब्द खराच केला. जाळून सरपण केलं नाही, बुडवून केलं. तेही देवाच्या नावाखाली, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको.

"काय केलंत हे?"

बाबांनी वर पाहिलं. चेहरा खुशीत होता, आणि ती खुशी मला विषासारखी लागली.

"हात लावू नको," ते म्हणाले. "आज हत्याराक हात लावूचो नसता."

मी मारलं. उघड्या पंजाने, पुऱ्या ताकदीने, त्यांच्या डाव्या कानावर. ते बाजूच्या ट्रंकेवर आपटले. नारळाची वाटी घरंगळत गेली. मी परत हात उचलला, आणि मला आठवतंय, मी वाट बघत होतो की ते उठतील, धोटा उचलतील, नेहमीसारखी जुंपेल. ते उठले नाहीत. कानावर हात धरून बसले. बोटांच्या फटीतून रक्त आलं. मग त्यांनी दुसरा हात लांब करून गिटारीवरचं घसरलेलं झेंडूचं फूल परत जागेवर ठेवलं.

पाठीत सणसणीत रट्टा बसला. आईने उलथन्याचा दांडा घातला होता.

"बापाशीर हात उचललंस मेल्या? सकाळधरून उपाशी ऱ्हवान तुझा लाकूड पुसता हा तो! कमावता हत्यार म्हणून धोट्याच्या वर मांडल्यान! जळो तुझो हात!"

तिचे शब्द कानात शिरले, डोक्यात शिरले नाहीत. मी तसाच गिटार उचलली, फुलं खाली पडली, आणि बापाला रक्तात सोडून खारदांड्याला निघालो. आजही हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं. त्या वेळी मला बापापेक्षा लाकडाची जास्त काळजी होती.

धर्मा जाळं शिवत होता. माझा चेहरा बघून त्याने जाळं बाजूला टाकलं. स्क्रू ड्रायव्हर घेतला, गिटार मांडीवर उलटी केली, मागची पट्टी सोडवली, आत बोट फिरवलं. बोट बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. कोरडं होतं.

"पोटात पानी नाय."

"नीट बघ!"

"बघितला. एक थेंब नाय." मग त्याने वायर घालायचं भोक बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. चिमट्याने त्यातून काहीतरी ओढलं. सुताची वात होती. इतकी घट्ट पिळलेली की ओढताना चर्रकन आवाज झाला. हळदीकुंकू पुसलं तर खाली दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक निघालं. बरोबर मापाने कापलेलं, तारांखालून सरकवलेलं, कडांना सुताने बांधलेलं. त्या गाठी मला ओळखीच्या होत्या. तुटलेला धागा बाबा तसाच जोडायचे.

"कोनी बांधला रं ह्यो?" धर्मा म्हणाला. "येवरी बारीक गाठ आमच्या जाल्यात पन नाय."

त्याने चिंधीने तेल पुसलं. तेलाबरोबर तारांवरचा गंज निघून आला. आपल्या रेडिओला वायर जोडली, आणि तार छेडली. इतका स्वच्छ सूर त्या गिटारीतून मी कधी ऐकला नव्हता.

मी तिथेच खाली बसलो. उजव्या हाताचा पंजा अजून झणझणत होता. तो मला माझा वाटेना, तोडून टाकावासा वाटला. विजेच्या मोटारीला पाणी लागू न देता साच्याला तीर्थ कसं शिंपडायचं हे बावीस वर्षं केलेला माणूस, आणि त्याला मी शिकवायला गेलो होतो. धर्मा काय झालं ते विचारत राहिला. मी गिटार त्याच्याकडेच टाकली आणि नाहूरला धावत सुटलो.

बाबांना शेजारच्या रत्नप्रभाबाईंनी आणि आईने दवाखान्यात नेलं होतं. मी पोचलो तेव्हा डॉक्टर कानात बत्ती घालून बघत होते.

"पडदा फाटलाय," ते मला म्हणाले. "कशाने झालं?"

आईने तोंड फिरवलं. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"मी मारलं," मी म्हणालो.

डॉक्टरांनी बत्ती बंद केली. "गिरणीत होते ना हे? उजवा कान साच्यांनी कधीच खाल्लाय यांचा. याच एका कानावर चाललं होतं."

बावीस वर्षं मी त्या माणसाच्या घरात राहिलो. बाबा ओरडून बोलतात ते रागाने, रेडिओ फोडायला आल्यासारखा मोठा करतात तोही रागाने, असंच मी धरून चाललो होतो. त्यांना नीट ऐकू येत नाही हे आम्हा कोणाला कळलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. वॉचमनची नोकरी गेली असती ना.

घरी आल्यावर मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. मी माफी मागत होतो ती त्यांना ऐकू जात नव्हती. शेवटी आईला म्हणाले, "तेका सांग, उद्या पूजा झाल्याशिवाय तां वाजवूचा नाय." स्वतःच्या आवाजाचा अंदाज गेल्यामुळे ते फार हळू बोलले. बाबांना हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

दसऱ्याला सकाळी धर्मा स्वतः गिटार घेऊन आला. बाबांनी कानात कापसाचा बोळा ठेवून, एका हाताने भिंत धरून पूजा केली. मग गिटार उचलून माझ्या हातात दिली.

घाटकोपरला मी वाजवलं. माणसं किती होती, कोणती गाणी होती, धड आठवत नाही. पुढच्या रांगेतला एक दारुडा पूर्ण वेळ आईवरून शिव्या घालत होता. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नंदकिशोरने पाठ थोपटली, म्हणाला, "पक्का." ज्या एका शब्दासाठी मी दात पाडून घेतला होता, बोटं कापून घेतली होती, तो शब्द मिळाला आणि मला काहीही वाटलं नाही.

रात्री घरी आलो. बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी आपट्याची पानं त्यांच्या हातात दिली, वाकलो. ते माझ्या तोंडाकडे निरखून बघत होते.

"वाजली मा?"

"वाजली."

त्यांनी मान तिरकी केली. "काय?"

"वाजली, बाबा."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. काही पोचलं नाही. मग माझ्या शर्टाला धरून त्यांनी मला जवळ ओढलं.

"मोठ्यान सांग रे."

आयुष्यभरात त्यांच्या अंगावर जितक्या जोराने ओरडलो नव्हतो, तितक्या जोराने मी ओरडलो, "वाजली, बाबा! वाजली!"

आमची पुन्हा जुंपली असं समजून रत्नप्रभाबाई भांडण सोडवायला धावत बाहेर आल्या.